अमेरिकेतल्या एका प्रिसिंक्टवर घरगुती एक्झिट पोल कसा घ्यावा

मत देऊन बाहेर पडणाऱ्याला गाठायचं आणि ‘कुणाला दिलंत?’ विचारायचं, एवढाच एक्झिट पोल असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं विचारून उत्तरं मिळतात, पण ती बोलक्या माणसांची असतात. पोलचा कस लागतो तो दोन ठिकाणी. विचारायचं कुणाला हे तुमची नजर ठरवते की आधी लिहून ठेवलेला नियम? आणि ज्यांनी ‘नको’ म्हणून हात हलवला, त्यांची नोंद कुठे राहते का? फॉर्म, पेटी, तक्ते ही तयारी त्यामानाने सोपी.

भारतात बसून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगितलेलं बरं: हे तिथे करून पाहू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६अ नुसार लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत आयोगाने जाहीर केलेल्या काळात एक्झिट पोल घेऊन त्याचे आकडे कोणत्याही मार्गाने पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्या ‘कोणत्याही मार्गा’त येतो. पुढची सगळी माहिती अमेरिकेतल्या मतदानाची आहे.

आधी प्रिसिंक्ट पारखा

प्रिसिंक्ट म्हणजे मतदारयादीतला सगळ्यात लहान तुकडा. मोठ्या निवडणुकीचा निकाल बहुतेक ठिकाणी या पातळीपर्यंत फोडून जाहीर होतो, म्हणून हौशी पोलसाठी तो सोयीचा: तुमचा आकडा बरोबर निघाला की चूक, हे नंतर पडताळता येतं. मात्र प्रत्येक प्रिसिंक्ट या कामाचा नसतो. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) निवडणूक कार्यालयाला फोन करून पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

त्या इमारतीत फक्त एकाच प्रिसिंक्टचं मतदान आहे का? शाळेच्या एका व्यायामशाळेत तीन-तीन प्रिसिंक्टची टेबलं लागतात आणि सगळे एकाच दाराने बाहेर येतात. तसं असेल तर तिन्हींची बेरीज घेऊन काम करा. दारात ‘तुमचा प्रिसिंक्ट कोणता’ हे विचारण्यात अर्थ नाही, तो नंबर फार थोड्यांना ठाऊक असतो.

काउंटीत ‘व्होट सेंटर’ची पद्धत आहे का? टेक्सासमधल्या अनेक काउंट्यांत मतदार काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर जाऊन मत देऊ शकतो. अशा दारावर उभं राहून जमवलेल्या आकड्यांची तुलना कुठल्याच एका प्रिसिंक्टच्या निकालाशी होत नाही.

मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष येणारे किती? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ओरेगॉन, वॉशिंग्टन, कोलोरॅडो या राज्यांत जवळपास सगळं मतदान टपालाच्या मतपत्रिकेने होतं. तिथे दारावर उभं राहायला दारच नाही. इतर राज्यांतही आगाऊ आणि टपाली मतदान करणारे वेगळ्या वयाचे, वेगळ्या कलाचे असू शकतात. म्हणून तुमचा पोल ‘त्या दिवशी केंद्रावर आलेल्यांचा’ आहे, ‘प्रिसिंक्टचा’ नाही, हे पहिल्या पानावर लिहून टाका.

आणि दारं किती? आदल्या आठवड्यात जाऊन इमारतीला एक फेरी मारा. आत जायचं दार एक आणि बाहेर पडायचं दुसरंच, असं सर्रास असतं. पार्किंगकडे उघडणारं बाजूचं दार नजरेतून सुटलं, तर गाडीने येणारे जवळजवळ सगळेच निसटतात.

हद्द आणि परवानगी

प्रचारबंदीची हद्द राज्यागणिक बदलते. शंभर फूट हा आकडा अनेक ठिकाणी भेटतो. टेनेसीची शंभर फुटांची प्रचारबंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली ‘बर्सन विरुद्ध फ्रीमन’ खटल्यात वैध ठरवली. एक्झिट पोल हा प्रचार नव्हे. वॉशिंग्टन राज्याने तीनशे फुटांच्या आत पोल घ्यायला घातलेली बंदी १९८८ साली नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली होती. पण त्या निकालाची झेरॉक्स हातात घेऊन केंद्राध्यक्षाशी वाद घालायला मतदानाचा दिवस ही वेळ नाही. दोन आठवडे आधी काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला ईमेल करून विचारा: आमच्या राज्यात पोल घेणाऱ्याने दारापासून किती अंतरावर उभं राहायचं? आलेलं उत्तर छापून क्लिपबोर्डला लावा. चर्च किंवा खाजगी सभागृह असेल तर जागेच्या मालकालाही विचारायला लागतं.

परवानगी असेल तितकं जवळ उभं राहा. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वृत्तवाहिन्यांच्या एक्झिट पोलने शेवटी हरलेल्या जॉन केरींच्या बाजूने झुकता आकडा दिला. जानेवारी २००५ मध्ये तो पोल घेणाऱ्या एडिसन-मिटोफ्स्की या संस्थांनी त्यावर जो अहवाल काढला, त्यात प्रिसिंक्टमधल्या आघाडीचा आकडा सरासरी साडेसहा टक्क्यांनी चुकल्याचं दिसलं. जिथे मुलाखतकार दारापासून लांब उभे होते, जिथे ते वयाने अगदी तरुण होते आणि जिथे बऱ्याच मतदारांनंतर एकाला थांबवायचं होतं, तिथे चूक जास्त होती. कारण साधं आहे. माणूस दारापासून लांब गेला की पांगतो, गाडीकडे वळतो, आणि मग आपण नकळत ज्याला गाठणं सोपं त्याच्याकडे जातो.

कितव्या मतदाराला थांबवायचं

आता मुख्य आकडेमोड. काउंटीच्या संकेतस्थळावरून याच प्रकारच्या मागच्या निवडणुकीत त्या केंद्रावर प्रत्यक्ष किती मतं पडली ते काढा. ‘याच प्रकारच्या’ यावर जोर आहे. अध्यक्षीय वर्षाचा आकडा शालेय मंडळाच्या निवडणुकीला लावलात तर दुपारपर्यंत हातात दहा फॉर्म असतील.

समजा अंदाज नऊशे मतदारांचा आहे आणि तुम्हाला १२० भरलेले फॉर्म हवेत. निम्मे लोक नाही म्हणतील असं धरून चाला. २००४ च्या त्या व्यावसायिक पोललाही ५३ टक्क्यांच्या आसपासच प्रतिसाद होता. म्हणजे २४० जणांना विचारायला हवं. ९०० भागिले २४० म्हणजे पावणेचार, तर दर चौथा मतदार. सुरुवात कितव्यापासून करायची ते एक ते चार अशा चिठ्ठ्या टाकून ठरवा. तीन निघाला तर तिसरा, सातवा, अकरावा असं पुढे.

दिवसभरात अंतर बदलू नका. गर्दी इतकी झाली की हाताबाहेर चाललंय, तरच बदला, आणि वेळ लिहून ठेवा. दोनपर्यंत चौथा आणि नंतर सहावा घेतला असेल तर आधीचा प्रत्येक फॉर्म चार मतदारांच्या वतीने बोलतो आणि नंतरचा सहांच्या. दोन्ही एकाच ढिगात मिसळले तर संध्याकाळच्या मतदाराचं वजन घटतं.

१२०-१३० फॉर्ममधून किती अचूक उत्तर मिळेल? समजा प्रत्यक्षात ९६० मतदार आले आणि १३० फॉर्म मिळाले, तर नमुन्यामुळे येणारी चूक साधारण आठ टक्के वर किंवा खाली. तीही नकार देणारे आणि फॉर्म भरणारे एकसारखे आहेत असं मानलं तर. ५३ विरुद्ध ४७ असा निकाल लागला तर कोण जिंकलं हे या पोलवरून सांगता येणार नाही. ७० विरुद्ध ३० असेल तर बिनधास्त सांगा.

सामान

एका दाराला दोन माणसं आणि दोन-तीन तासांची पाळी. केंद्र तेरा-चौदा तास उघडं असतं, तेव्हा सहा ते आठ जणांचा गट लागतो. इतके जमत नसतील तर सकाळचे चार तास भरून काढण्याऐवजी प्रत्येक तासातली पहिली तीस मिनिटं धरा. कामावर जाण्याआधी येणारे, अकराच्या सुमाराला येणारे निवृत्त लोक आणि संध्याकाळी पाचनंतर लोटणारी गर्दी, या तीन वेगळ्या जाती आहेत.

दर दाराला तीन क्लिपबोर्ड (दोन मतदारांसाठी, एक नोंदीचा), दोरीने बांधलेली पेनं, चार बाजूंनी टेप लावून वर फट पाडलेली खोक्याची पेटी, अंदाजापेक्षा तिप्पट फॉर्म, बोटाने दाबून मोजायचा काउंटर, खडू, पाऊस आला तर प्लास्टिकच्या पिशव्या आणि अंधारासाठी डोक्याला लावायचा टॉर्च. नोव्हेंबरात पाचनंतर अंधार पडतो आणि वयस्कर मतदाराला फॉर्म दिसत नाही, मग तो न भरताच परत देतो.

कपडे साधे, राखाडी किंवा तपकिरी. अमेरिकेत लाल आणि निळा हे पक्षांचे रंग आहेत, तेव्हा लाल टोपी किंवा निळं जाकीट घरीच ठेवा. गळ्यात ‘मतदार सर्वेक्षण, कोणत्याही पक्षाशी संबंध नाही’ असं इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड असू दे. फॉर्म भरल्याबद्दल चॉकलेट, कूपन, स्टिकर असं काहीही देऊ नका. मताच्या बदल्यात वस्तू वाटल्याचा संशय यायला एवढं पुरतं.

फॉर्म

अर्ध्या कागदाची एक बाजू, सात-आठ प्रश्न, सगळे खूण करण्याचे. पहिला प्रश्न मताचा: ‘आज या पदासाठी तुम्ही कुणाला मत दिलंत?’ नावं मतपत्रिकेवर आहेत तशीच, पक्षाचं नाव मतपत्रिकेवर असेल तरच. ‘इतर कुणी’ आणि ‘या पदासाठी मत दिलं नाही’ हे दोन पर्याय विसरू नका. स्थानिक पदं रिकामी सोडणारे मतदार बरेच असतात. वर छापलेल्या नावाला थोडा जास्त कौल मिळतो, म्हणून निम्म्या फॉर्मवर नावांचा क्रम उलटा ठेवा आणि गठ्ठ्यात एकाआड एक लावा.

मग कोणत्या मुद्द्यावर ठरवलं, कधी ठरवलं, मागच्या वेळी कुणाला दिलं होतं, लिंग, आणि वयाचे गट: १८ ते २९, ३० ते ४४, ४५ ते ५९, ६० व पुढे. नाव, पत्ता, फोन, सही यांतलं काही नको. प्रिसिंक्टमध्ये स्पॅनिश बोलणारे असतील तर दुसरी बाजू स्पॅनिशमध्ये.

फॉर्म मतदाराने स्वतः भरायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. तोंडी विचारलंत तर शेजारी उभ्या नवऱ्यासमोर, शेजाऱ्यासमोर आणि मुख्य म्हणजे तुमच्यासमोर माणूस सोयीचं उत्तर देतो. क्लिपबोर्ड दिला की दोन पावलं मागे सरा आणि दुसरीकडे बघा.

दारावर

इथे एकजण मोजणारा, दुसरा बोलणारा. मोजणाऱ्याने फरशीतली एक रेघ निवडायची किंवा खडूने मारायची. ती ओलांडेल तो मोजला गेला. तीन जण गप्पा मारत एकत्र आले तर ज्याचं पाऊल आधी पडलं तो पहिला; अगदी बरोबरीने पडलं तर आपल्या डाव्या हाताचा पहिला. असला नियम बालिश वाटतो, पण तो नसेल तर ‘या दोघांतली ती बाई हसली, तिलाच विचारू’ असं होणारच. हसरी माणसं निवडण्याचा मोह हा या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे.

मोजायचं कुणाला? मत देऊन आलेल्या प्रत्येकाला. मुलं, निवडणूक कर्मचारी, पार्सल घेऊन आलेला, फक्त स्वच्छतागृहासाठी शिरलेला, हे नाहीत. आत शिरताना पाहिलं नसेल आणि शंका असेल तर मोजा. बोलणाऱ्याने पहिलाच प्रश्न ‘आज इथे मत दिलंत का?’ असा विचारायचा. नाही म्हटला तर त्या नोंदीपुढे फुली, आणि पुढच्या चौथ्यापर्यंत थांबायचं.

चौथा आला की मोजणारा हळूच ‘निळा शर्ट’ म्हणतो आणि त्याच क्षणी नोंदीच्या कागदावर तीन गोष्टी लिहितो: वेळेचा तास, लिंग, आणि अंदाजाने वय (तिशीच्या आत, तीस ते एकोणसाठ, साठच्या पुढे). बोलणं सुरू व्हायच्या आधी. नकार मिळाल्यावर वय लिहिलं तर वैतागलेला माणूस आपल्याला उगाच म्हातारा दिसतो. मग निकाल: भरला, नकार, किंवा सुटला. ‘सुटला’ म्हणजे बोलणारा आधीच्या मतदारात अडकला होता आणि हा निघून गेला. सुटलेला आणि नकार वेगळे ठेवा. सुटलेले वाढले तर दोष तुमच्या माणसांच्या संख्येचा आहे.

नकाराच्या जागी पुढचा माणूस घ्यायचा नाही. हा नियम पाळायला सगळ्यात कठीण. पाचव्या नंबरचा आनंदाने थांबायला तयार असतो, स्वतःहून हात पुढे करतो. त्याला हसून सांगा, ‘आज आम्ही ठरावीक क्रमानेच विचारतोय.’ स्वतःहून येणारे बहुतेक कुठल्यातरी एका बाजूचे उत्साही कार्यकर्ते असतात, आणि अशा वीस जणांचे फॉर्म आले की १३० चा नमुना वाकतो.

बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य दहा सेकंदांत संपलं पाहिजे: आम्ही कोण, नाव लागत नाही, दीड मिनिट लागेल. आणि बोलता बोलता क्लिपबोर्ड पुढे करायचा. हातात वस्तू आली की थांबणारे वाढतात. ‘तुम्हाला वेळ आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं. एकदा नाही म्हटल्यावर मागे लागायचं नाही. साठीच्या पुढच्यांकडून नकार जास्त येत असतील तर पुढच्या पाळीला गटातला वयस्कर माणूस बोलायला उभा करा. त्याने फरक पडतो.

केंद्रातल्या कुणी ‘लांब जा’ सांगितलं तर छापलेली परवानगी दाखवा, तरीही ऐकलं नाही तर सरका आणि वेळ व नवं अंतर लिहा. मतपत्रिका दाखवा म्हणायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. दरवाजे बंद व्हायच्या वेळेला रांगेत उभा असलेला प्रत्येकजण मत देऊ शकतो, तेव्हा आपलंही काम शेवटचा मतदार बाहेर पडेपर्यंत.

पेटी उघडल्यावर

दोघांनी बसा. एकाने प्रत्येक फॉर्मवर पेन्सिलने क्रमांक टाकून वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यात भरायचं, आणि दर दहावा फॉर्म उलट तपासायचा. दोन नावांवर खूण असेल तर ‘अस्पष्ट’. फॉर्मची संख्या आणि नोंदीतल्या ‘भरला’ची संख्या जुळायला हवी. फॉर्म जास्त निघाले तर कुणीतरी रांगेबाहेरचा फॉर्म स्वीकारलाय.

आता नोंदीच्या कागदाचं मोल कळतं. एक काल्पनिक उदाहरण घ्या: २४० जणांना निवडलं, १३० फॉर्म आले. तिशीच्या आतले ४० निवडले, २८ नी भरला. मधल्या वयाचे १४०, भरले ७८. साठीपुढचे ६०, भरले २४. प्रत्येक गटाचा भारांक म्हणजे निवडलेले भागिले भरलेले: १.४३, १.७९ आणि २.५. आता एका उमेदवाराला तरुणांत २०, मधल्यांत ४०, ज्येष्ठांत ८ मतं मिळाली. कच्ची बेरीज १३० पैकी ६८, म्हणजे ५२.३ टक्के. भारांक लावून २४० पैकी १२०.४, म्हणजे ५०.२ टक्के. नोंद नसती तर हा उमेदवार आघाडीवर आहे असं छातीठोकपणे सांगितलं गेलं असतं.

फॉर्मवरचं स्वतः सांगितलेलं वय आणि तुम्ही ‘भरला’पुढे लिहिलेलं अंदाजाचं वय यांची बेरीजही गटवार ताडून बघा. अंदाजाने साठीपुढचे २४ आणि फॉर्मवर ३१ निघाले, तर तुमची नजर ज्येष्ठांना तरुण समजते आहे आणि नकारांतही तसंच झालं असणार. भारांकाने वयाचा तोल सावरतो, त्यापलीकडे काही नाही. एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एका उमेदवाराचा मतदार थांबतो आणि दुसऱ्याचा तोंड फिरवून जातो, ही चूक दारावर राहिली की कुठल्याही गणिताने निघत नाही. २००४ चा झुकाव तपासणाऱ्यांनी मुख्य कारण हेच धरलं.

अधिकृत निकाल प्रिसिंक्टवार यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. त्यात प्रत्यक्ष, आगाऊ आणि टपाली मतांचे रकाने वेगळे असतील तर फक्त मतदानाच्या दिवसाच्या प्रत्यक्ष मतांशी तुलना करा. दोन प्रमुख उमेदवारांमधलं अंतर तुमच्या पोलमध्ये किती आणि निकालात किती, ती वजाबाकी म्हणजे तुमची चूक. बारा अंकांची चूक निघाली म्हणून मतमोजणीत गडबड आहे असा निष्कर्ष काढू नका. आठ टक्क्यांची नमुन्याची चूक अंतराच्या हिशेबात दुप्पट, सोळापर्यंत, जाते. शिवाय नकारांचा झुकाव वेगळाच.

आकडे केव्हा सांगायचे

केंद्रं बंद झाल्याशिवाय कुणालाही नाही, गटाबाहेरच्या मित्रालाही नाही. ४ नोव्हेंबर १९८० रोजी एनबीसी वाहिनीने पूर्वेकडच्या घड्याळात सव्वाआठलाच रीगन जिंकल्याचं सांगून टाकलं, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर मतदान चालू होतं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की एखाद्या राज्यातली केंद्रं बंद होईपर्यंत त्या राज्याचा विजेता सांगायचा नाही, असं वाहिन्यांनी नंतर काँग्रेसपुढे (अमेरिकी संसदेपुढे) कबूल केलं.

जाहीर करताना टक्क्यांच्या आधी या ओळी द्या: केंद्र आणि तारीख, किती ते किती वाजेपर्यंत उभे होतो, दारं किती धरली, दर कितवा मतदार, निवडलेले, भरलेले, नकार, सुटलेले, भारांक लावला की नाही, आणि खर्च कुणी केला. टक्के पूर्णांकात लिहा. १३० फॉर्मवर ५०.१५ लिहिणं हा नसलेल्या अचूकतेचा आव आहे. ज्या गटात तीसपेक्षा कमी फॉर्म आहेत त्याचे टक्के वेगळे देऊच नका. मूळ फॉर्म आणि नोंदीचे कागद अधिकृत निकालाशी ताळा होईपर्यंत सांभाळा, मग फॉर्म फाडून टाका. छोट्या प्रिसिंक्टमध्ये वय, लिंग आणि मागचं मत एवढ्यावरूनही शेजारी शेजाऱ्याला ओळखू शकतो.